उजव्या बाजूचा ठोकळा

५ ऑक्टोबर १९४६, शनिवार. दसरा.
शाळेला सुट्टी. वर्षाच्या आत घरात सण नाही, म्हणून हत्यारांची पूजा नाही. वाकस, पटाशी, रंधा पेटीतच. आईने तोरणाचं नाव काढलं नाही, मीही नाही.
धाकट्या भावाची, मधूची मोटार काल कोर्टाने सोडली. मे महिन्यापासून चौकीच्या मागे उघड्यावर पडून होती. अख्खा पावसाळा अंगावर घेतला तिने. दोन बैल जुंपून ओढत आणली आणि परसात चिंचेखाली ठेवली. मागची उजवी बाजू पार बसली आहे. हिरवा रंग ओळखू येत नाही.
मधूची सुमन मागच्या दारात बेबीला कडेवर घेऊन उभी होती. मधू गेल्यापासून तिने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. आज म्हणाली, "दादा, ह्यांनी दोन वर्षं खपून ती उभी केली होती. अशी कलंडलेली बघवत नाही. नीट करा. मग कुणाला द्यायची त्याला द्या."
बरं म्हणालो.

६ ऑक्टोबर, रविवार.
मागची बाजू उचलून खाली चार ओंडके दिले. जॅक मधूचाच. खाली गोणपाट टाकून शिरलो. छातीवर चिखलाचे खपले पडतात. सायलेन्सर चेपला आहे. पेट्रोलच्या टाकीला पोचा, पण गळत नाही. मागची फळी कुजून हाताने तुटते. उजवीकडच्या कमानीचा, म्हणजे स्प्रिंगचा, मोठा पाटा मोडला आहे, त्यामुळे आस तिरका.
आस म्हटलं की मधू हसायचा. "एक्सल म्हण दादा. गोऱ्या कॅप्टनची टू-सीटर आहे ही, पाटलाची दमणी नाही."
खाली दोघांना जागा होती तेव्हा. तो कॅम्पातल्या वर्कशॉपचा फिटर, मी शाळेत सुतारकाम शिकवणारा. पाना त्याच्या हातात. मी फक्त मागेल ते द्यायचो.

९ ऑक्टो., बुध.
शाळेतून येऊन तासभर. सायलेन्सर उतरवला. नट गंजून एकजीव झालेत. रॉकेलचे बोळे बांधून ठेवले.
ठोकळ्यांकडे अजून हात नेला नाही.

१३ ऑक्टो., रवि.
हे कुठेतरी लिहिलं पाहिजे. कुणाला सांगितलेलं नाही.
गेल्या माघात गाडी मागून बसायला लागली. चाकोऱ्यांच्या रस्त्यावर पोट घासायचं. आस आणि पाट्यांच्या मध्ये बोटभर जाडीचे दोन ठोकळे घालून ती उचलायची, असं मधूने ठरवलं. ठोकळे लोखंडीच हवेत म्हणाला. लोखंड मिळेना. मी म्हणालो, बाभळीचे घालू. अण्णांनी जन्मभर बैलगाड्या केल्या, आसावर बाभूळच ठेवली, एक गाडी परत आली नाही. मधू म्हणाला, "दादा, बैलगाडी चाळीस मैलांनी पळत नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "बरं. तू म्हणतोस तर."
अण्णांच्या वेळचं मुरलेलं लाकूड एकाच ठोकळ्यापुरतं निघालं. तो डावीकडे घातला. उजवीकडे घातला तो नवा, पौषात तोडलेल्या झाडाचा. ओल होती त्यात. रंधा मारताना हाताला कळत होतं. पुढच्या आठवड्यात शाळेच्या बाकांचं काम होतं, थांबायला वेळ नव्हता. यू-बोल्टांनी आवळल्यावर कुठे जाईल, असं वाटलं. मधूला सांगितलं नाही.
आज डावा ठोकळा काढला. जसा घातला तसा आहे. पेन्सिलीची रेघसुद्धा पुसली नाही.
उजवा निघाला नाही. म्हणजे मीच थांबलो.

२० ऑक्टो., रवि.
उजवा काढला.
उभा चिरलेला आहे. ती चीर ताजी, आपटल्याने झालेली, आतून लाकूड स्वच्छ. तिच्याबद्दल शंका नाही. पण ठोकळा सगळीकडून आकसला आहे. डाव्याच्या शेजारी ठेवला तर नखाएवढा कमी भरतो. वैशाखाच्या उन्हाने दुसरं काय होणार. वरचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत, काळा, गाडीच्या वंगणाने मढलेला. मधल्या बोल्टाचं भोक मी गोल पाडलं होतं, ते लांबट झालं आहे. एका आपटीने असं होत नाही. रोज थोडं थोडं पुढेमागे सरकल्याने होतं. म्हणजे आठ-दहा दिवस तरी आस त्या बाजूने सैल होता.
मुलांना शाळेत मीच शिकवतो, तुकडा बघून सांगा तो मोडला की झिजला.
जाण्याच्या चार दिवस आधी जेवताना मधू म्हणाला होता, "दादा, गाडी मागून शेपटी हलवते रे." मी म्हणालो, "मग कुत्रं पाळलंय म्हणून समज." सगळे हसले. तोही हसला. नंतर त्याने बोल्ट आवळले की नाही, माहीत नाही. विचारलं नाही.

२४ ऑक्टो., गुरु. लक्ष्मीपूजन.
दिवे लावले नाहीत. शेजारून तीन घरांचा फराळ आला. बेबीने चकली मोडून अंगणभर केली. आई म्हणाली, खाऊ दे.
ठोकळा माझ्या पेटीत रंध्याखाली ठेवला आहे.

२७ ऑक्टो., रवि.
पाटे घेऊन झेंडीगेटाला इब्राहिमभाईकडे गेलो. टांग्यांच्या कमानी करणारा नगरात त्याच्यासारखा नाही. मधूचा दोस्त. मला बघून भाता थांबवला, हात पुसले, मग बसा म्हणाला.
मोडलेला पाटा उजेडात धरून बघितला. "मास्तर, हा पाटा मोडल्यामुळं गाडी गेली नाही. गाडी गेली म्हणून पाटा मोडला." माझा श्वास सुटला असावा. मग त्याने मधल्या बोल्टाचा तुकडा उचलला. अंगठ्याने फिरवत राहिला.
"हा मात्र एका झटक्यात नाही कापला. खात खात गेलाय. खाली काय बसवलं होतं?"
"पॅकिंग."
"कशाचं?"
"होतं काहीतरी."
त्याने पाटा भट्टीत सारला. निघताना मी म्हणालो, दोन लोखंडी ठोकळेही लागतील. माप दिलं. तो म्हणाला, "आधी यायचं ना मास्तर. मधूला मी नाही म्हणालो असतो का?"
आम्हाला लोखंड मिळेना तेव्हा इ.भाईला विचारायचं सुचलं नाही. माझ्याकडे बाभूळ होती.

५ नोव्हेंबर, मंगळ.
समन्स आलं. १६ डिसेंबर, सोमवार. साक्षीदार म्हणून.
आरोपी दगडू, राहणार कामरगाव. १४ मेच्या दुपारी मधू पुण्याहून येत होता. कामरगावच्या उतारावर दगडूची बैलगाडी रस्त्याच्या मधोमध. दगडूचा गाडीत बसल्या बसल्या डोळा लागला होता, ते त्याने स्वतःच फौजदाराला सांगितलं. मधूने गाडी बाजूला घेतली, मागची बाजू फिरली, बैलाला लागून मोरीवरून ओढ्यात गेली.
माझा जबाब जूनमध्ये लिहून घेतला. "गाडी सुस्थितीत होती. तिच्या देखभालीत मी स्वतः हातभार लावीत असे." खाली माझी सही. तेव्हा मला खोटं बोलायचं नव्हतं. काही विचार करत होतो असंही नाही.
गाडी तपासायला आलेल्या माणसाने ब्रेक बघितले, स्टिअरिंग बघितलं. खाली कुणी वाकलं नाही.

१० नोव्हें., रवि.
गाडीखाली होतो. टाकीच्या पट्ट्या लावत होतो. परसाच्या बाजूने कुणी आलं. खालून फक्त पाय दिसतात. बाईचे, अनवाणी, टाचा फुटलेल्या, बोटांत जोडवी.
"म्या दगडूची कारभारीण, हौसा. कामरगावची."
मग आईचे पाय आले.
"काय पाहिजे?"
"काय न्हाई आई. शेंगा आनल्यात नव्या. लेकरासाठी."
"आमच्या लेकराला तुझ्या शेंगा?"
"आई, म्या मागाया न्हाई आले. तुमचं सोनं गेलं, आमी कुटल्या तोंडानं मागू. पर मालक जेवत न्हाई वो. बैल बघितला की रडतो. म्हनतो, म्याच मारला त्या पोराला. त्याला येवढंच सांगा की तुमी शाप न्हाई दिला."
"दिलाय. रोज देते. नीघ माझ्या परसातून."
शेंगा मातीत सांडल्याचा आवाज झाला. थोडा वेळ ते फुटके पाय तिथेच होते. मग बोटं खाली आली, शेंगा वेचू लागली. तिचं तोंड इतकं खाली आलं की तिने मला बघितलं. गाडीखाली.  पदर सारखा केला आणि गेली.
मी बाहेर आलो नाही.

१७ नोव्हें., रवि.
इ.भाईचा पाटा उत्तम बसला. लोखंडी ठोकळे घातले. चारही यू-बोल्ट नवे. आस दोन्हीकडून सुतळी धरून मोजला, सरळ आहे. मागची कुजकी फळी बदलून सागाची घातली, ते काम तेवढं हाताला लगेच आलं.
एक गोष्ट उशिरा लक्षात आली. प्रत्येक नट आवळतोय तसा दाखवण्यासारखं काही उरत नाही. जुने बोल्ट भंगारात टाकले आहेत. वळलेला भाग सरळ केला. आता कुणी खाली वाकला तरी त्याला एक नीट केलेली गाडी दिसेल. उरला तो पेटीतला ठोकळा आणि इ.भाईकडचा तो बोल्टाचा तुकडा, त्याने ठेवला असला तर.

२६ नोव्हें., मंगळ.
सरकारी वकिलांनी बोलावलं होतं. घाईत होते. "मास्तर, तुमची साक्ष पाच मिनिटांची. गाडी सुस्थितीत होती, एवढंच. आरोपी झोपला होता ते त्याने मान्यच केलंय."
मी म्हणालो, "मागच्या आसाबद्दल मला थोडं—"
ते म्हणाले, "जबाबात नाही ते नवीन काढू नका. तुमच्याच भावाची केस आहे ही." कागद बांधून उठले. मीही उठलो. वाक्य पुरं करता आलं असतं. त्यांनी काही माझं तोंड धरलं नव्हतं.

१ डिसेंबर, रवि.
गाडी ओंडक्यांवरून उतरवली. चार चाकांवर सरळ उभी. मी मागे जाऊन दोन्ही बाजू बघितल्या, केसाचाही फरक नाही. सुमन आली, मागच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. बेबी "बाबांची भुर्र" म्हणाली. आई आत गेली.
सुमन म्हणाली, "झाली?"
"झाली."
"मग आता तो पेटीतला ठोकळा चुलीत घाला."
 ती हळूच बोलत होती, आई ऐकेल म्हणून.
"भिंतीला खिळा हवा होता म्हणून तुमची पेटी उघडली. त्याच्याही आधीपासून माहीत आहे. ह्यांनी मला सांगितलं होतं. उजवीकडचं लाकूड ओलं आहे म्हणाले. मी म्हटलं, मग दादांना सांगा की. म्हणाले, दादाने एवढ्या मायेने केलंय, त्याला काय सांगायचं. पुण्याहून आलो की गुपचूप बदलतो."
सुताराचाच मुलगा तोही. त्याला लाकूड कळणार नाही, असं मी कसं धरून चाललो?
मी म्हणालो, "मग गाडी नीट करा म्हणालीस ती..."
"मोडकी होती तोवर कुणीही खाली वाकून बघितलं असतं. दादा, ह्या घरात कमावता पुरुष तुम्ही एकटे. आईंना हे कळलं तर त्या तुमच्या हातचं पाणी घेणार नाहीत. मग बेबीला घेऊन मी कुठे जाऊ? गेलेलं माणूस येत नाही. तो गाडीवाला झोपला होताच ना? ते तर खोटं नाही?"
ते खोटं नाही.
"तुमच्यावर माझा राग नाही," म्हणाली. "असता तर बरं झालं असतं. बोलून मोकळी झाले असते."

४ डिसें., बुध.
ठोकळा चुलीत घातला नाही. सुमन रोज सकाळी चूल पेटवताना माझ्याकडे बघते. 

८ डिसें., रवि.
वर्गात सातवीला लाकडाची ओल कशी ओळखावी हा धडा परवा घेतला. दरवर्षी याच महिन्यात असतो. अर्ध्यावर थांबलो, मुलांना चौकटीची आकृती काढायला लावली.
मनात दोन्ही बाजूंनी मांडून बघतो. दगडू जागा असता तर मधूला गाडी अशी वळवावी लागली नसती. आस घट्ट असता तर वळवूनही मागची बाजू फिरली नसती. यातलं किती माझं आणि किती त्याचं, हे कुणाला मोजता येईल? पण त्याचं तो सांगून बसला आहे. माझं मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. ज्यांना माहीत आहे त्या दोघांपैकी एक गेला, दुसरी गप्प राहा म्हणते.

१६ डिसें., सोम. कोर्ट.
दहाला गेलो. मॅजिस्ट्रेट साहेब दौऱ्यावर, तारीख पडणार असं शिपायाने सांगितलं, पण पुकारा होईपर्यंत बसावं लागतं. लिंबाखाली पार आहे. मी एका टोकाला बसलो. दगडू दुसऱ्या टोकाला होता, तो उठून माझ्यासमोर खाली मातीत बसला. चाळिशीचा असेल. हाताचे पंजे माझ्यापेक्षा मोठे. चेहरा आजाऱ्यासारखा.
"वर बस," म्हणालो.
"ऱ्हाऊ द्या मास्तर. हितंच बरं हाय."
मग आपणहून बोलू लागला, "लई उनाचं हुतं वो. भल्या पहाटं निगालो हुतो. बैलांना वाट ठावं, म्हनून डोळा लागला. हार्न वाजला त्यो बी सपनात ऐकला म्या."
मातीत बोटाने रेघा ओढत होता.
"त्यानं मला वाचिवलं. गाडी तिकडं घातली नसती तर म्या गेलो असतो. ह्ये मी कुनाला सांगू? त्याच्या आईला तोंड दावायची सोय न्हाई."
मग म्हणाला, "वकील म्हनतो, उगा भांडत बसू नगं, कबूल हो. थोडी कैद हुईल, सुटशील. म्या पुढल्या तारखेला कबूल हुतो. मंग तुमाला बी पिंजऱ्यात उभं ऱ्हायाला नगं. त्येच त्येच परत सांगाया किती जड जात आसंल तुमाला."
माझी सोय बघत होता तो.
तो कबूल झाला तर माझी साक्षच होणार नाही. मला खोटं बोलावं लागणार नाही. खरंही नाही. सगळं आपोआप मिटेल आणि माझ्या हाताला काही लागणार नाही.
मी म्हणालो, "दगडू, कबूल होऊ नकोस."
"का वो मास्तर?"
तेवढ्यात पुकारा झाला. दोघं उठून दारापर्यंत गेलो. ९ जानेवारी मिळाली. बाहेर आल्यावर तो माझ्या मागेमागे वेशीपर्यंत आला. माझ्या तोंडाकडे बघत होता. मी म्हणालो, "येतो मी." कुठे येतो, कधी येतो, काही नाही. त्याने रामराम केला.

१९ डिसें., गुरु.
इ.भाई रस्त्यात भेटला. "गाडी चालवून बघितली का?" नाही म्हणालो. "मग काय दर्शनाला ठेवली? मधूने शिव्या घातल्या असत्या." हसला. जाता जाता म्हणाला, "तो बोल्ट माझ्याजवळ आहे हां. फेकला नाही."
मागितला नाही. फेकून दे असंही म्हणालो नाही.

२२ डिसें., रवि.
सकाळी सायकलला हवा भरली. कामरगाव दहा-बारा मैल. पेटी उघडून ठोकळा पिशवीत घातला. रात्रभर वाक्य जुळवत होतो, पहिल्या तीन शब्दांपुढे जात नाही.
पिशवी ओट्यावर ठेवून पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर सुमनच्या हातात होती. तिने ती नुसती उचलून पाहिली असावी. उघडली नव्हती. मला वाटलं आता ही चुलीकडे जाईल. मी दारातच उभा राहिलो. अडवायचं की नाही हे मला ठरवता आलं नाही, हे लिहून ठेवतो.
आई जपमाळ घेऊन बाहेर आली. "कुठे निघालास रे रविवारचा?"
मी तोंड उघडलं. सुमन मध्येच म्हणाली, "शाळेच्या कामाला चाललेत."
"सुट्टीच्या दिवशी कसली शाळा?"
"असतं काहीतरी, आई."
मग ती आत गेली. पिशवी तिच्याबरोबर गेली. स्वयंपाकघरातून बेबीचा आवाज येतो आहे, भांड्यांचा येतो आहे. आई माझ्यासमोर बसली आहे, म्हणते आहे, सकाळी सकाळी काय लिहितोस एवढं.
सायकल दाराशी लावली आहे. ऊन ओट्यावर आलं. सुमन अजून बाहेर आली नाही.